श्रीलंकेची यादवी वाचताना : आपल्या माणसांचं पानही वाचा

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इतिहासाचा प्राध्यापक नाही, साहित्याचा समीक्षकही नाही. तेव्हा आजचं बोलणं एका वाचकाचं बोलणं समजा. विषय आहे श्रीलंकेतलं यादवी युद्ध आणि त्यावरची पुस्तकं, म्हणजे इतिहासाचीही आणि कादंबऱ्याही.

हाच देश का, असं तुम्ही विचाराल. तो आपल्या अगदी शेजारचा आहे. १९८३ ते २००९ अशी २६ वर्षं तिथे युद्ध चाललं. आपलं सैन्य १९८७ ते १९९० तिथे होतं आणि हजाराहून जास्त भारतीय जवान तिथे मारले गेले. राजीव गांधींची हत्याही त्याच संघर्षातून झाली. तरी आपल्यातल्या बहुतेकांना लिट्टे आणि प्रभाकरन या दोन शब्दांपलीकडे फारसं माहीत नसतं. दुसरं कारण आपल्याला जास्त जवळचं आहे. तिथे सुमारे दहा टक्के लोक मुसलमान आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरात तमिळ बोलली जाते. 'भाषा एक, धर्म वेगळा, मग तुम्ही नेमके कोणाचे?' हा प्रश्न त्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आधी इतिहासाकडे वळू, कारण युद्ध एका दिवसात पेटत नाही. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. सरकारी नोकरीत असलेला तमिळ माणूस एका कायद्याने स्वतःच्याच कचेरीत परका झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या प्रवेशाचे निकष बदलले. मेडिकलला जायचं तर ४०० पैकी सिंहली विद्यार्थ्याला २२९ गुण पुरेसे होते, तमिळ विद्यार्थ्याला २५० लागायचे. इंजिनिअरिंगलाही असाच फरक होता. इथे बसलेल्या किती जणांनी सीईटीच्या एकेका गुणासाठी रात्री जागवल्या असतील! त्यांनी हे २१ गुण नीट लक्षात ठेवावेत. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. २३ जुलै १९८३ ला लिट्टेने १३ सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची घरं आणि दुकानं पेटवली गेली. अनेक ठिकाणी जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या.

इतिहासाचं पुस्तक आपल्याला हा क्रम देतं. आमच्या कामात एखादी सिस्टीम कोसळली की पहिल्यांदा लॉग उघडतात. कुठली गोष्ट आधी घडली, कुठली नंतर, हे तिथे कळतं. क्रम माहीत नसेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीच्या तारखेपासून गोष्ट सुरू करतो. सिंहली माणूस १३ सैनिकांपासून सुरू करतो आणि तमिळ माणूस ग्रंथालयापासून. दोघांनाही आपण फक्त उत्तर देत होतो असं वाटतं. असे वाद आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चालतात, त्यामुळे जास्त सांगत नाही.

मग कादंबरी कशाला वाचायची? कारण २२९ आणि २५० हे आकडे कोणाच्या तरी घरात शिरतात आणि ते घर इतिहासात दिसत नाही. व्ही. व्ही. गणेशानंथन यांची 'ब्रदरलेस नाइट' ही कादंबरी घ्या. तिला २०२४ चं विमेन्स प्राइझ मिळालं. जाफन्यातली शशी डॉक्टर व्हायचं ठरवून अभ्यास करत असते. तिला भाऊ आहेत, भावांचे मित्र आहेत. मुलं एकेक करून घर सोडतात. कोणी मारलं जातं, कोणी चळवळीत जातं. पुढे शशी स्वतः लिट्टेच्या दवाखान्यात जखमींवर उपचार करू लागते. चांगल्या घरातला, हुशार, आईचा लाडका मुलगा हातात बंदूक का घेतो, हे ही कादंबरी समजावते. तरीही ती त्याला माफ करत नाही. समजून घेणं आणि माफ करणं यांतला फरक तरुण वाचकाने अशा पुस्तकातूनच शिकावा.

दुसरं उदाहरण युद्धाच्या शेवटाचं. २००९ च्या पहिल्या काही महिन्यांत लाखो तमिळ नागरिक मुल्लैतिवुच्या किनाऱ्यावरच्या चिंचोळ्या पट्टीत अडकले होते. समोरून सैन्याचे तोफगोळे येत होते आणि लिट्टे त्यांना बाहेर जाऊ देत नव्हती, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडत होती. सरकार म्हणत राहिलं की एकाही नागरिकाला इजा होऊ नये असंच आमचं धोरण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं की ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. ४० हजार हा आकडा वाचून आपण पान उलटतो. अनुक अरुद्प्रगासम यांच्या 'द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज'मध्ये अशाच एका छावणीतल्या दिनेश नावाच्या तरुणाची साधारण एका दिवसाची गोष्ट आहे. सुरुवातीलाच तो एका लहान मुलाला हात कापून घेण्यासाठी उचलून नेत असतो. नंतर त्याचं घाईघाईत लग्न लागतं. खूप दिवसांनी अंघोळ करायला मिळते, त्या अंघोळीवर लेखक पानंच्या पानं लिहितो. ते वाचल्यावर ४० हजार हा आकडा पूर्वीसारखा वाचता येत नाही.

कादंबरीला मर्यादाही आहेत. ती एका माणसाला इतकं जवळ आणते की पलीकडचा माणूस दिसेनासा होऊ शकतो. म्हणून शेहान करुणतिलक यांची 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' सोबत ठेवावी. तिला २०२२ चं बुकर मिळालं. १९९० चं कोलंबो, एक मेलेला फोटोग्राफर आणि त्याने लपवून ठेवलेले फोटो. त्याला कोणी मारलं हे त्याला स्वतःला माहीत नाही आणि संशय सगळ्यांवर घेता येतो, कारण त्या काळात सगळेच मारत होते : सरकारची माणसं, लिट्टे, दक्षिणेतले सिंहली क्रांतिकारक, भारतीय सैन्यही.

आता मी ज्या पुस्तकासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. पुस्तकाचं नाव 'द ब्रोकन पामायरा'. जाफना विद्यापीठातल्या चार तमिळ प्राध्यापकांनी ते लिहिलं. त्यांतल्या एक डॉ. राजनी तिरणगामा, शरीररचनाशास्त्र विभागाच्या प्रमुख. तरुणपणी त्या स्वतः लिट्टेच्या जवळ होत्या. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जे दिसलं ते सगळं लिहून काढलं. श्रीलंकेच्या सैन्याचे अत्याचार लिहिले. ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय सैन्य जाफन्याच्या रुग्णालयात शिरलं आणि तिथे डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले, हेही लिहिलं. आणि 'आपल्या' मुलांनी, म्हणजे तमिळ अतिरेक्यांनी, तमिळ माणसांनाच कसं मारलं हेही त्याच शाईने लिहिलं. २१ सप्टेंबर १९८९ ला राजनी सायकलवरून घरी जात असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्या ३५ वर्षांच्या होत्या. हे लिट्टेचंच काम होतं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. 'ब्रदरलेस नाइट'मधल्या शशीच्या प्राध्यापिकेचं पात्र राजनींवरूनच बेतलेलं आहे. शशी त्यांच्यासोबत साक्षी गोळा करते. इतिहास लिहिण्याची किंमत काय होती, हे असं कादंबरीत आलं.

इथे तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, 'सर, हे ठीक आहे. पण अल्पसंख्याकाने आपल्याच लोकांच्या चुका लिहिल्या की त्याचा फायदा समोरचा घेतो.' ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण 'द ब्रोकन पामायरा'चं काय झालं बघा. सरकारला ते पुस्तक पूर्ण वापरता येईना, कारण त्यात सरकार होतं. भारताला वापरता येईना, कारण त्यात भारतीय सैन्य होतं. लिट्टेला तर नाहीच. सगळ्यांचा हिशोब एकाच वहीत मांडल्यामुळे ती वही कोणालाच खिशात घालता आली नाही.

आता आपल्याला टोचणारा भाग. ३ ऑगस्ट १९९० ला कट्टनकुडीत दोन मशिदींत इशाची नमाज चालू असताना लिट्टेने गोळीबार केला. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला जाफन्यातल्या मुसलमानांना लाउडस्पीकरवरून बोलावून दोन तासांत शहर सोडायला सांगितलं. त्या काही दिवसांत उत्तर प्रांतातून ७० हजारांहून जास्त मुसलमान हाकलले गेले. बरेच जण पुत्तलमच्या छावण्यांत राहिले आणि तिथेच त्यांच्या मुलांची लग्नं झाली. त्यांना हाकलणारे त्यांचीच भाषा बोलत होते.

हे पान आपण डोळ्यांत पाणी आणून वाचतो आणि ते स्वाभाविक आहे. पण पुस्तक इथे मिटू नका. पूर्व किनाऱ्यावर सरकारने मुस्लीम तरुणांना होमगार्ड म्हणून हत्यारं दिली होती आणि त्यांतल्या काहींचा तमिळ गावांवरच्या हल्ल्यांत हात होता. राजनींच्या सहकाऱ्यांनी जी मानवी हक्कांची नोंद पुढे चालू ठेवली, तीत मुसलमानांवरचा अन्यायही आहे आणि हेही आहे. मी पहिली नोंद मोठ्याने वाचली आणि दुसरीवर आवाज खाली आणला, तर पहिली नोंद मी न्यायासाठी वाचत नव्हतो, असाच त्याचा अर्थ होईल.

एरावूरच्या शर्मिला सय्यद यांची 'उम्मत' ही तमिळ कादंबरी या संदर्भात जरूर वाचा, इंग्रजी अनुवाद मिळतो. एक मुस्लीम कार्यकर्ती आणि लिट्टेतून परतलेल्या दोन तमिळ स्त्रिया यांची ती गोष्ट आहे. मुस्लीम लेखिका लिट्टेच्या माजी सैनिक बाईचं दुःख लिहिते आणि आपल्या समाजातली बाईवरची बंधनंही लिहिते. शीर्षकातच 'उम्मत' आहे, तेव्हा या उम्मतमध्ये नेमकं कोण कोण बसतं, याचा विचार वाचकाला करावाच लागतो.

आता कामाचं बोलतो. पुढच्या तीन महिन्यांत गटागटाने एक इतिहास आणि एक कादंबरी, अशी जोडी वाचा. सुरुवातीला समंथ सुब्रमण्यम यांचं 'धिस डिव्हायडेड आयलंड' घेतलंत तरी चालेल, युद्धानंतर बेटावर फिरून माणसांशी बोलून लिहिलेलं आहे, वाचायला सोपं आहे. त्यासोबत 'ब्रदरलेस नाइट' घ्या. वाचताना वहीत दोन रकाने करा. एकात, आपल्या माणसांवर काय झालं. दुसऱ्यात, आपल्या माणसांनी काय केलं. 'आपली माणसं' म्हणजे तिथले मुसलमानही आणि भारतीय सैन्यही, कारण आपण दोन्ही आहोत. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पुस्तक अर्धवट आहे की आपण घाईने वाचलं, हे गटात बसून ठरवा.

आणि जमलं तर प्रत्येकाने आपल्याला हलवणारं एक पान स्वतःच्या मराठीत करून आणा. आपल्या आईला, मोहल्ल्यातल्या मित्राला वाचून दाखवता येईल अशा मराठीत. पुढच्या बैठकीत ती पानं ऐकू आणि मग प्रश्न घेऊ.