घोड-भीमेच्या खोऱ्यातील माणसे: पुरावा, पुस्तक आणि पडदा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, घोड नदी भीमेला मिळण्याआधी ज्या कमी पावसाच्या सपाट मुलखातून वाहते, तेथे शिरूर तालुक्यातील इनामगावजवळ नदीच्या उजव्या काठाला पांढरीची काही टेकाडे आहेत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राख, ढासळलेल्या मातीच्या भिंती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कचरा थरावर थर साचून झालेली जागा. याच टापूत, भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड अशा दोन तालुक्यांत, महाराष्ट्राच्या इतिहासात, पुस्तकांत आणि लोकरंजनात नाव मिळवलेल्या काही व्यक्तींच्या स्मृती अगदी जवळजवळ विखुरलेल्या आहेत. कोणाची स्मृती कोणत्या वाटेने लोकांपर्यंत पोहोचली आणि त्या वाटेत तिचे काय झाले, हे पाहण्यासाठी या खोऱ्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

आरंभ इनामगावपासूनच केला पाहिजे, कारण तेथील सर्वांत प्रसिद्ध माणसाचे नाव कोणालाही ठाऊक नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामात, इतर ठिकाणी होतात तसे दोन-चार उभे खड्डे घेऊन न थांबता, विस्तीर्ण क्षेत्र आडवे उघडण्यात आले. त्यामुळे भांडी आणि मणी यांच्या पलीकडे जाऊन शंभराहून अधिक घरे, त्यांतील चुली, धान्याच्या कणग्या, अंगणे आणि दोनशेहून अधिक दफने असे एक अख्खे गाव अभ्यासकांच्या समोर आले. ही वस्ती ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे दगडी हत्यारांच्या जोडीला थोडेफार तांबे वापरात आलेल्या काळातील असून ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदली. तिचे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन कालखंड मानले जातात, आणि त्यांपैकी जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील त्या गावावरून आले आहे, जेथे या संस्कृतीची काळ्या नक्षीची तांबडी भांडी प्रथम ओळखली गेली.

या गावात प्रौढ माणसाला साधारणपणे उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत असत आणि पुरण्यापूर्वी त्याची पावले घोट्याच्या वर तोडत असत. मृताने उठून निघून जाऊ नये अशी त्यामागची समजूत असावी, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे. लहान मूल गेले, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत त्याला निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत, म्हणजे आई ज्या जागी स्वयंपाक करी त्याच्या काही हातांवर तिचे मूल असे. या सर्व दफनांत एक दफन वेगळे ठरले. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, ज्या घराला लागून धान्यकोठार होते, तेथे चार पायांचा, पोट सुटलेला मातीचा मोठा रांजण सापडला आणि त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याची पावले तोडलेली नव्हती.

एवढ्या पुराव्यावरून हा पुरुष गावचा प्रमुख असावा, असे अनुमान काढण्यात आले. गावात सापडलेला, पुराचे पाणी वळवणारा पाट आणि त्याला लागूनचा बांध एका कुटुंबाच्या बळावर होणारे काम नाही, तेव्हा श्रम एकत्र आणणारी आणि कोठारातले धान्य राखणारी सत्ता गावात असली पाहिजे, या युक्तिवादाने ते अनुमान अधिक बळकट झाले. तरीही ते अनुमानच आहे आणि उत्खननाच्या अहवालाने ते अनुमान म्हणूनच मांडले आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. मानवी अवशेषांवरचा जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आणि ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात याच गावातील बालकांच्या हाडांचा पुन्हा अभ्यास करून, हवामान बदलत असताना आणि शेती ढासळत असताना त्या पिढ्यांच्या शरीरावर काय परिणाम झाला, हे तपासले. हाडे, थर आणि मोजमापे जपून ठेवलेली असल्यामुळेच ही फेरतपासणी शक्य झाली. चार पायांच्या रांजणातला तो माणूस पुढे सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात गेला आणि देशभरच्या मुलांनी तो कोण असेल, यावर उत्तरे लिहिली. नाव, वंश, पराक्रम यांपैकी काहीही हाती नसताना केवळ पुराव्याच्या प्रामाणिक नोंदीमुळे एखादी व्यक्ती पुस्तकात अढळ जागा मिळवू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही.

याच्या अगदी उलट टोकाला, याच तालुक्यात वढू बुद्रुक येथे समाधी असलेल्या छत्रपती संभाजी महाराजांची स्मृती आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडल्यानंतर त्यांना भीमेकाठच्या बहादूरगडावर, म्हणजे दौंडसमोरच्या पेडगावच्या किल्ल्यावर, औरंगजेबाच्या छावणीत आणण्यात आले आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमाजवळ त्यांचा वध झाला. नाव, जन्मतिथी, पत्रे, दानपत्रे, शत्रूच्या दरबारातील नोंदी, इतकेच नव्हे तर ‘बुधभूषणम्’ हा स्वतःचा संस्कृत ग्रंथ, असे सर्व काही मागे असतानाही या राजाची प्रतिमा दीर्घकाळ मलिन राहिली. या प्रतिमेचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीस यांची बखर होता. बखर म्हणजे गद्यात लिहिलेला पारंपरिक वृत्तान्त, आणि ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता, ही वस्तुस्थिती वाचकाने लक्षात ठेवावी असे इतिहासकारांनी पुढे बजावले; परंतु तोवर नाटककारांनी बखरीतला राजा रंगभूमीवर उभा केला होता. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि विष्णु हरि औंधकर यांचे ‘बेबंदशाही’ यांच्या भाषेचा आणि नाट्याचा प्रभाव एवढा होता की, कागदपत्रांतला संभाजी प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यास अर्धे शतक लागले.

ते काम वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी केले. मूळ साधने गोळा करण्यात दीर्घकाळ घालवून त्यांनी १९६० मध्ये महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले, आणि डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आले. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात डॉ. काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेला दुखावलेला, तेजस्वी युवराज मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतला. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी आली. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही प्रतिमा घरोघर नेली, आणि मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. त्या विजयामागे राजकारणाची इतर कारणेही होती, पण समाधी असलेल्या मुलखानेच पडद्यावरील राजाला संसदेत पाठवावे, हा योग लोकरंजनाच्या शक्तीचा अंदाज घेणाऱ्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट आला आणि विकी कौशल यांच्या रूपाने शंभूराजे मराठी न जाणणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत गेले. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. फितुरी कोणी केली, हा प्रश्न कागदपत्रांत जितका सावधपणे मांडावा लागतो तितका सावधपणा तीन तासांच्या कथानकाला परवडत नाही, कारण कथानकाला खलपुरुष हवा असतो. या साऱ्या प्रवासात एक दुःखद टप्पाही आहे: ‘राजसंन्यास’चे कारण देऊन जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला. चुकीच्या चित्रणाला बेंद्र्यांनी त्याच्या किती तरी आधी जे उत्तर दिले होते, ते पुरेसे आणि कायमचे होते. राजाची प्रतिमा त्या संशोधनाने उजळली. पुतळा फोडल्याने तिच्यात तसूभर भर पडली नाही.

शिरूर तालुक्यातच पाबळला मस्तानीची कबर आहे. हे गाव बाजीराव पेशव्यांनी तिला इनाम दिले होते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा मृत्यू झाला आणि त्यापाठोपाठ मस्तानीही गेली. तिचा मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतच्या युद्धात जखमी होऊन मरण पावला. तिच्याविषयीची समकालीन कागदपत्रे थोडी आहेत, आणि जी आहेत ती बहुतेक तिला न मानणाऱ्या घरातली आहेत. ही पोकळी कल्पनेने भरून निघाली, त्यात नवल नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ मध्ये आली आणि तिच्यावर आधारलेला संजय लीला भन्साळींचा चित्रपट २०१५ मध्ये. त्यात बाजीरावांची पत्नी काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात, यावर महाराष्ट्रात तीव्र आक्षेप घेतला गेला. आक्षेप रास्त होता, परंतु खरा अन्याय त्या नाचाहून जुना आहे: जिच्या प्रेमावर इतके लिहिले गेले, तिचे स्वतःचे मत सांगणारा कागद कोणी जपला नाही. द. ग. गोडसे यांनी मस्तानीवर स्वतंत्र पुस्तक लिहून दंतकथा आणि पुरावा यांची फारकत करण्याचा प्रयत्न केला. चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाने ते वाचावे.

लोकांचे रंजन करणाऱ्या माणसांची स्मृती तर याहूनही लवकर पुसली जाते. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहे. संगीत बारी म्हणजे वगनाट्याशिवाय केवळ लावणीगायन, नृत्य आणि अदा यांवर उभा असलेला, लहान बैठकीत सादर होणारा तमाशाचा प्रकार. जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंना, म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना, राष्ट्रपतिपदकाचा मान मिळाला आणि राज्य शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला, हे योग्यच झाले. परंतु चौफुल्याच्या बैठकीत उभे आयुष्य काढलेल्या बहुसंख्य स्त्रियांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, आणि त्यांच्या गळ्यातली चीज त्यांच्याबरोबर जाते.

त्याच तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकाला या सर्व व्यक्तींत तीच सर्वांत जवळची वाटावी. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि तेथून १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, आणि परतल्यावर, १८८९ मध्ये, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक आले, ज्यात अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरगुती जीवन आणि स्त्रियांच्या संघटना यांचे बारकाईने केलेले वर्णन आहे. दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावी आसरा, शिक्षण आणि हातात धंदा देत असतानाच त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे आनंदीबाईंना घराघरांत जागा मिळाली आणि २०१९ मध्ये चित्रपटही आला. रमाबाईंना तशी लोकप्रियता लाभली नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या कार्यात शोधू नये. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्या स्त्रीला नायिका मानण्याची तयारी मराठी समाजाने वेळेवर दाखवली नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. त्यांनी मात्र स्वतःच लेखणी हाती घेतली होती, म्हणून दुसऱ्या कोणाच्या कादंबरीवाचूनही त्यांचा आवाज आज जसाच्या तसा ऐकता येतो.

परदेशातील मराठी मंडळांच्या ग्रंथालयांत ‘छावा’ आणि ‘राऊ’ असतात, आणि असलेच पाहिजेत. त्यांच्या शेजारी बेंद्रे, कमल गोखले, गोडसे आणि रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त ठेवावे, आणि मालिका किंवा चित्रपट पाहून प्रश्न विचारणाऱ्या मुलांच्या हाती ती पुस्तके द्यावीत. सुटीत पुण्याला जाणाऱ्या कुटुंबांनी डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे, एक दिवस काढून वढू, पाबळ आणि केडगाव करावे, आणि इनामगावच्या पांढरीवरही जावे. तेथे पायाखाली आलेले खापर आठवण म्हणून खिशात घालू नये. ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे, कारण त्या गावाचे बरेच काही अजून जमिनीखाली आहे आणि ते पुढच्या अभ्यासकांना लागणार आहे.