समज आणि वाचा



हीरक महोत्सवात शाळेच्या गुणवंतांचा गौरव होतो, आणि ते उचितच आहे. मी मात्र आज ज्यांचे नाव पुष्कळदा पटावर चढतच नाही, अशा मुलांविषयी बोलणार आहे.

१९६३ साली फ्रेंच संशोधक जेरोम लेज्यून यांनी पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळाल्याने होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. अशा अर्भकाचे रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक असते. म्हणून त्यास ‘क्री द्यु शा’ हे नाव पडले. बहुतेक मुलांत हा तुकडा बीजपेशी तयार होताना अकल्पितपणे गळतो. त्यात आईच्या आहाराचा, वागण्याचा किंवा पाळल्या-न पाळलेल्या ग्रहणाचा काहीही दोष नसतो.

आरंभीच्या वर्णनांतील बरीच मुले निवासी संस्थांत वाढलेली होती, आणि त्यांच्याविषयीचे भाकीत निराशाजनक होते. पुढे घरी वाढलेल्या व लहानपणापासून प्रशिक्षण मिळालेल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी अनेक मुले चालू लागल्याचे आणि काही छोटी वाक्ये बोलू लागल्याचे दिसले. गुणसूत्राचा तुकडा गळालेलाच होता. भोवतालचे जग तेवढे बदलले होते.

या मुलांची बौद्धिक वाढ मंद असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती सर्व अंगांनी सारखी नसते. त्यांना बोलता येते त्याहून पुष्कळ अधिक समजते. मनातले सांगता न आल्याने मूल चिडते, वस्तू फेकते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. खुणा व चित्रे हाती दिली, की ही चिडचीड पुष्कळदा ओसरते. वर्गात एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि उत्तरासाठी थांबावे.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. ‘मुलाला आधीच बोलता येत नाही, मराठी सोडा,’ असा सल्ला दिला जातो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे वाढ खुंटल्याचे आढळलेले नाही. ज्या भाषेत आजी जेवू घालते, ती भाषा काढून घेण्याची घाई करू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुढील प्रवेशाच्या वेळी असे एखादे मूल आपल्या दाराशी आले, तर ‘याला काय येते?’ असे विचारण्याआधी ‘याला काय समजते?’ असे विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.