कायदे थोडे करा, पण निगुतीनं करा
(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आपला गट पंचसूत्रीवर चालतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. पाचच गोष्टी. उद्या कुणी दर बैठकीला नवा नियम काढला, या आठवड्यात व्याज वेगळं, पुढच्या आठवड्यात हप्त्याची तारीख वेगळी, तर महिन्याभरात सीआरपी ताईसुद्धा वही मिटून घरी जाईल. राज्याच्या विधिमंडळाबद्दल मला हेच म्हणायचंय. विषय जड वाटेल, पण फटका आपल्याच दाराशी येतो.

सरपंचाचंच बघा. २०१७ साली कायदा बदलला, सरपंच थेट लोकांमधून निवडायचा. २०२० ला ते रद्द, पुन्हा सदस्यांनी निवडायचा. २०२२ ला परत थेट. पाच वर्षांत तीनदा! थेट निवड चांगली की वाईट यावर आपल्यात दोन मतं असतील, असू देत. पण ज्या बाईनं उंबरे झिजवून गाव आपलंसं केलं, तिला मध्येच कळतं की आता गावाचं नाही, सात-नऊ सदस्यांचं मत लागणार. सरकार बदललं, की कायदा बदलला. तुमच्या ग्रामसभेत हा विषय कधी मतासाठी आला होता का? आठवून बघा.

राजस्थानात तर याहून वाईट झालं. डिसेंबर २०१४ मध्ये, पंचायत निवडणुका तोंडावर असताना, सरकारनं वटहुकूम काढला की सरपंच व्हायला आठवी पास पाहिजे, आदिवासी भागात पाचवी. ज्यांना लहानपणी शाळेचं तोंड बघू दिलं नाही, अशा कितीतरी बायका एका कागदानं बाद. २०१९ ला ती अट काढली. मधली निवडणूक मात्र गेली ती गेलीच.

कायदेच नकोत असं मी म्हणत नाही. रोजगार हमी घ्या. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात आधी प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर आली. कायदा झाला १९७७ ला, अंमल १९७९ पासून. आधी काम, मग कायदा. पुढं २००५ साली देशानंही रोजगार हमीचा कायदा केला. पायाच पक्का होता.

म्हणून मला वाटतं, कायदे करण्याचं काम अर्धवेळच असावं. अमेरिकेत टेक्सास नावाचं मोठं राज्य आहे. तिथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, फार तर १४० दिवस. बाकी वेळ सदस्य आपापली शेती, धंदा, वकिली करतात. जो कायदा केला तो त्यांनाही घरी जाऊन पाळावा लागतो, हे मला आवडतं. पगार मात्र महिना ६०० डॉलर, तिथल्या मानानं अगदीच किरकोळ. हे नाही पटत. असं केलं तर पैसेवालाच आमदार होणार, आपल्यातली एकही नाही. मानधन पुरेसं असू द्या, कायदे करण्याचे दिवस तेवढे बांधा.

एखादी म्हणेल, ताई, आपलं विधिमंडळ तरी कुठं वर्षभर बसतं? खरंय. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी, अशी तीन अधिवेशनं, तीही काही आठवड्यांची. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, असं राज्यघटना सांगते, म्हणजे टेक्साससारखं दोन वर्षांनी भरवता येणारच नाही. आणि सभागृह बंद असलं की वटहुकमाचं दार उघडं राहतं. राजस्थानात तेच झालं. त्यामुळं नुसते दिवस कमी करून भागत नाही.

माझं म्हणणं असं. वर्षातून एकच अधिवेशन नव्या कायद्यांसाठी ठेवा. विधेयक दोन-तीन महिने आधी सोप्या मराठीत गावात येऊ द्या. बाकीची दोन अधिवेशनं प्रश्न विचारायला, खर्च तपासायला, जुने निरुपयोगी कायदे काढून टाकायला. रेशन का आलं नाही, मजुरी का थकली, हे विचारायला आमदारांना भरपूर दिवस मिळू देत, त्यात काटकसर नको. आणि निवडणूक तोंडावर असताना निवडणुकीच्या नियमांचा वटहुकूम मुळीच नको.

आपली ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते, तेवढ्यात गावाचा कारभार चालतोच ना? आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. येत्या महिला सभेत ठराव मांडा: पंचायत कायद्यातली कोणतीही दुरुस्ती विधिमंडळात जाण्याआधी ग्रामसभेपुढं यावी. ठराव इतिवृत्तात लिहिला की नाही ते तिथंच वाचून घ्या. सही-शिक्क्याच्या दोन प्रती मागा, एक आमदारांना द्या, एक आपल्या संघाच्या कार्यालयात जमा करा.