परदेशीं सेवेला निघण्यापूर्वीं

दूर देशाला निघालेल्या माणसाचें पहिलें लक्ष पेटीकडे जातें. काय घ्यावें, काय ठेवावें, औषधें कोणतीं, कपडे किती, पैसे कोठें सांभाळावे, या विचारांतच निघण्याचा दिवस उजाडतो. धर्मसेवेसाठीं समुद्र ओलांडणारा ख्रिस्ती सेवकही याला अपवाद नाहीं. आजच्या काळीं त्याच्या यादींत पारपत्र, व्हिसा आणि लस टोचल्याचा दाखला यांची भर पडली आहे, इतकेंच. परंतु ज्या गांवीं तो उतरणार त्या गांवाच्या दृष्टीनें पाहिलें, तर पेटींत काय आलें याला फारसें महत्त्व नसतें. माणूस काय शिकून आला, आणखी काय शिकावयास तयार आहे, आणि मनांत काय धरून आला, एवढेंच गांव पाहतें. महाराष्ट्रानें गेल्या दोनशें वर्षांत असे पाहुणे पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हां त्यांची तयारी कशी असावी, याविषयीं कांहीं सांगण्याचा अधिकार या प्रांताला खचित आहे.

या पाहुण्यांपैकीं अगदीं आरंभींचे एक म्हणजे गॉर्डन हॉल. त्यांचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. परदेशीं धर्मसेवक पाठविणारें अमेरिकन बोर्ड १८१० सालीं स्थापन झालें, आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम गांवच्या मंदिरांत पांच तरुणांना दीक्षा मिळाली. हॉल त्यांपैकीं एक होते. त्यापूर्वींचा हिवाळा त्यांनीं फिलाडेल्फिया शहरीं घालविला, तो प्रवचनें रचण्यांत नव्हे, तर वैद्यकाचा अभ्यास करण्यांत. जेथें जावयाचें तेथें उपदेश ऐकावयास कोणी येईल कीं नाहीं, हें कोणास ठाऊक? आजारी माणूस मात्र सर्व देशांत सांपडतो, एवढें व्यवहारज्ञान या तयारींत होतें.

दीक्षेनंतर त्याच महिन्यांत जहाज निघालें आणि ऑगस्टांत कलकत्त्यास लागलें. परंतु कंपनी सरकारला असे पाहुणे नको होते. परत फिरण्याचा हुकूम निघाला. हॉल आणि त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट तेथून निघाले, ते फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस येऊन पोहोंचले. तेथेंही परवानगीसाठीं अर्जविनंत्या चालूच राहिल्या. त्याच वर्षीं कंपनीची सनद नव्यानें ठरली आणि धर्मसेवकांना मार्ग थोडा मोकळा झाला. पेटींत न मावणारी एक वस्तु अशा वेळीं उपयोगीं पडते, तिचें नांव धीर.

पुढें खरा डोंगर होता तो भाषेचा. परदेशीयाला मराठी शिकविणारीं छापील साधनें त्या वेळीं फार थोडीं होतीं. सेरामपूरच्या विल्यम केरी यांनीं पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें सिद्ध केलेलें व्याकरण १८०५ सालचें आणि कोश १८१० सालचा. मराठी पंडितांनीं रचलेला मोठा कोश १८२९ सालीं आणि मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध कोश १८३१ सालीं बाहेर आला. म्हणजे हॉल आले तेव्हां त्यांना मराठी शिकावयाची ती मुख्यतः माणसांच्या तोंडून. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं ती शिकून घेतली, मुंबईंत छापखाना काढला, शाळा उघडल्या, आणि १८२६ सालीं मराठी नवा करार छापून पूर्ण केला.

त्याच १८२६ सालीं मार्च महिन्यांत हॉल नाशिकला गेले, तों तेथें पटकीची सांथ उसळलेली होती. तेरा-चौदा वर्षांपूर्वीं फिलाडेल्फियांत शिकलेलें वैद्यक आतां कामास आलें. जवळचीं औषधें आणि पुस्तकें संपत येईपर्यंत ते तेथें राहिले, आणि मग परतीच्या वाटेला लागले. वाटेंत दोडी-दापूर येथें त्यांनाच पटकीनें गांठलें. २० मार्च रोजीं, एका देवळाच्या ओसरीवर, त्यांनीं देह ठेवला. बरोबरच्या तरुणांनीं त्यांना तेथेंच मूठमाती दिली. ज्या धर्माहून निराळा धर्म सांगावयास हा मनुष्य आला होता, त्याच धर्माच्या देवळाच्या ओसरीनें त्याला शेवटची सावली दिली. या गोष्टीचा विसर परदेशीं निघणाऱ्या कोणत्याही सेवकानें पडूं देऊं नये.

हातीं उपयोगाची विद्या असावी, हा धडा पुढील लोकांनींही गिरविला. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आल्या, त्या शिकविण्याचें काम करीत. पुढें अहमदनगरला त्यांनीं मुलींच्या शिक्षणाचें काम चालविलें, आणि सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. फरारबाईंनीं किती जणांचें मत पालटलें, हें आज कोणी विचारीत नाहीं. एका शिक्षिकेनें दुसरी शिक्षिका तयार केली आणि तिनें महाराष्ट्राचें चित्र पालटलें, हें मात्र सर्वांना ठाऊक आहे.

हॉल यांच्या मृत्यूनंतर एकशें दहा वर्षांनीं, म्हणजे १९३६ सालीं, अशीच एक तरुण डॉक्टरीण अमेरिकेंतून वऱ्हाडांत आली. तिचें नांव ऑर्फा स्पायकर. तिला पाठविणारी मंडळी नाझरीन पंथाची. वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. स्पायकरबाई आल्या तेव्हां मात्र तें अकोला जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव होतें आणि इंग्रजी कागदोपत्रीं त्याला ‘बासीम’ म्हणत. (वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला तो १ जुलै १९९८ रोजीं.) येथें मुलींच्या शाळेची एक जुनी इमारत होती. तिच्यांतच १९३८ सालीं रुग्णालय सुरू झालें आणि त्याला पंथाचे एक अग्रणी हाइरम रेनॉल्ड्स यांचें नांव देण्यांत आलें. पुढें तेथें परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. स्पायकरबाईंनीं या कामाला आपलें उभें आयुष्य दिलें.

डॉक्टरीची पदवी घेऊन येणें ही तयारी अर्धीच होय. उरलेली अर्धी येथें आल्यावर करावी लागे. मराठी मुलखांत काम करणाऱ्या नव्या मिशनरींसाठीं उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं भाषेचे वर्ग भरत. परीक्षा द्याव्या लागत. परंतु वर्गांतली मराठी निराळी आणि दवाखान्याच्या दारांत बसलेल्या वऱ्हाडी बाईची मराठी निराळी. पुस्तकांत ‘वेदना’ हा एक शब्द असतो. ती बाई मात्र सांगते, पोटांत कळ येते, पाठींत चमक भरते, गळूं ठणकतें, पोराला मुरडा झाला आहे, अंगांत कसर आहे. कळ, चमक, ठणका, मुरडा, कसर, या प्रत्येकाचा रोग निराळा आणि उपायही निराळा. कोशांत यांना एकच प्रतिशब्द लावून जो डॉक्टर पुढें जाईल, त्याची विद्या कितीही मोठी असली तरी त्याचें निदान चुकेल. म्हणून भाषा शिकणें हा शिष्टाचार नव्हे. वैद्यकाचाच तो भाग आहे. ‘तूं’ कोणाला म्हणावें आणि ‘तुम्ही’ कोणाला, सासूसमोर सुनेला काय विचारावें आणि काय विचारूं नये, हेंही त्याच अभ्यासांत येतें. आणि हा अभ्यास शिकविणारे गुरु कोण? दाईचें काम करणारी म्हातारी, पाणी भरणारी बाई, गांवांतल्याच नव्या शिकाऊ परिचारिका. ज्याला शिकवावयास जावयाचें त्याच्याच पायाशीं आधीं शिकावयास बसणें, याहून मोठी तयारी नाहीं.

आतां तिसरी गोष्ट उरली, ती मनांतल्या हेतूची. आणि ती सर्वांत कठीण आहे. पंडिता रमाबाई स्वतः परदेश पाहून आलेल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या, पुढें अमेरिकेला गेल्या, शिशुशिक्षणाच्या नव्या पद्धती शिकल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर रानडे-भांडारकरांसारख्या थोर पुरुषांनीं त्यांस पाठिंबा दिला. परंतु १८९३ सालीं सदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते असा वाद उठला आणि त्या पुरुषांनीं आपला आधार काढून घेतला. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, बळजबरी नाहीं, पण स्वतःची प्रार्थना दार लावून कां करावी? कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा इतिहासकार करोत. एवढें मात्र दिसतें कीं, मराठी मातेच्या पोटीं जन्मलेल्या, संस्कृत विद्येंत पारंगत अशा बाईलाही जर हेतूच्या प्रश्नाला तोंड द्यावें लागलें, तर परक्या माणसाला तें किती द्यावें लागेल!

तें पुढें द्यावेंच लागलें. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्यप्रदेशांत असतां त्या सरकारनें १९५४ सालीं निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. परदेशी मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करीत समितीनें वऱ्हाडांतील जिल्ह्यांचाही दौरा केला. तिचा अहवाल १९५६ सालीं निघाला. शाळा, दवाखाने, अनाथालयें यांचा उपयोग धर्मांतरासाठीं होतो, असें समितीचें मत पडलें. आणि ज्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर हाच आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावें, अशी शिफारस तिनें केली. चर्चच्या मंडळींनीं हा अहवाल एकांगी ठरविला. वाद मिटला नाहीं. परंतु रोग्याच्या बाजूनें पाहिलें, तर प्रश्न सरळ आहे. दुखण्यानें विव्हळणारी आई दारांत उभी असते, तेव्हां तिला ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ नसतें. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं त्याच्याकडून ‘होय’ घेणें, हें औषधाच्या बाटलींत दुसरेंच कांहीं मिसळण्यासारखें आहे. औषध हें औषध म्हणूनच द्यावें. आपली श्रद्धा आपल्या वागण्यांतून दिसली तर दिसूं द्यावी. ही मर्यादा जहाजावर चढण्यापूर्वीं ज्यानें मनाशीं पक्की केली नाहीं, त्याची तयारी अपुरी.

आज समुद्राचा प्रवास महिन्यांचा राहिला नाहीं. तो तासांचा झाला आहे. कित्येक परदेशी मंडळ्यांचे तरुण दहा-पंधरा दिवसांच्या सेवायात्रेला निघतात. भारत सरकारच्या नियमांत मिशनरी कामासाठीं निराळा व्हिसा आहे. पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचार करतां येत नाहीं. हा नियम पाळणें ही प्रामाणिकपणाची पहिली पायरी. दुसरी पायरी अशी कीं, दहा दिवसांत आपण काय देऊं शकूं याचा हिशेब खरा मांडावा. भिंतीला रंग देण्यास गांवांत रंगारी असतो. त्याची मजुरी बुडवून परदेशी पाहुण्यानें कुंचला हातीं घेणें ही सेवा नव्हे. ज्याच्या हातांत एखादी खरी विद्या आहे, त्यानें ती गांवांतल्या चार जणांना शिकवावी. ज्याच्या हातांत ती नाहीं, त्यानें शिकावयास यावें आणि तसें मोकळेपणानें सांगावें.

हॉल यांची औषधें नाशिकलाच संपत आलीं होतीं. प्रत्येक पाहुण्याचीं औषधें कधीं ना कधीं संपतातच. तो निघून जातो, किंवा मातींत मिसळतो. मागें उरतें तें त्यानें दुसऱ्याच्या हातीं दिलेलें काम. फरारबाईंच्या मागें सावित्रीबाई उरल्या. वाशीमच्या रुग्णालयांत येथल्याच मुली परिचारिका झाल्या. म्हणून परदेशीं सेवेला निघणाऱ्यानें पेटी बांधतांना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपण परतल्यावर त्या गांवांत आपल्यावांचून काम चालेल, अशी तयारी आपण केली आहे काय? याचें उत्तर ‘होय’ असेल, तर पेटी हलकी असली तरी चालेल.