‘क्लेम रिजेक्ट’ झाला? मग अपील करा! फौजींच्या डिसॅबिलिटी पेन्शनबद्दल

आजचा भाग घरातल्या फौजींसाठी आहे, पण ऐकायचाय तुम्ही. कारण पेन्शनचं इंग्रजी पत्र वाचायची वेळ बहुतेक वेळा तुमच्यावरच येते.

लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे, 1945पासून. मावळात निवृत्त जवानांची घरंही कमी नाहीत. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाला कमी ऐकू येतं. सेवेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड होतो आणि कागदावर एक ओळ येते: आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही. तेवढ्यावर डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली जाते. मग काका म्हणतात, “जाऊ दे, सरकारशी कोण भांडणार?”

आता धरमवीर सिंग यांची केस ऐका. 1985मध्ये सैन्यात भरती, 1994मध्ये फिट्स येतात म्हणून घरी. अपंगत्व 20 टक्के. बोर्ड म्हणाला, आजार मुळातला, नोकरीशी संबंध नाही. 2013मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा साधा होता: भरतीच्या वेळी तपासणीत आजाराची नोंद नव्हती, म्हणजे माणूस ठणठणीत होता असं धरायचं. आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाने नुसता शेरा मारून चालत नाही, कारणं द्यावी लागतात.

म्हणून आधी कागद गोळा करा. नकाराचं पत्र, बोर्डाचा पूर्ण अहवाल, भरतीच्या वेळची तपासणी, पोस्टिंगचा तपशील. हातात नसेल ते रेकॉर्ड ऑफिसकडून माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला मदत हवी तर पुण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

मग पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं. प्रत्येकाला साधारण 6 महिन्यांची मुदत असते. पत्रावरची तारीख आधी बघा. तिथेही नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. उशीर झाला म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण मागची थकबाकी बहुतेक वेळा तीनच वर्षांची मिळते. थांबलात की पैसे गेले.

किती पैसे? समजा हिशेबाचा शेवटचा पगार 40,000. 100 टक्के अपंगत्वाला त्याचे 30 टक्के, म्हणजे 12,000. 20 टक्क्यांना 2,400. पण 20 ते 49 टक्के अपंगत्व 50 धरलं जातं. राम अवतार केसमध्ये 2014मध्ये नेहमीप्रमाणे निवृत्त झालेल्यांनाही हा फायदा मिळाला. मग होतात महिन्याला 6,000, वर महागाई भत्ता. आयुष्यभर.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 21 सप्टेंबर 2023पासून नवे नियम आहेत, त्यामुळे सेवेतून बाहेर पडल्याची तारीख आधी तपासा. आणि तळेगावच्या सीआरपीएफवाल्यांसाठी हे न्यायाधिकरण नाही. त्यांना हायकोर्टात जावं लागतं.

आज घरी गेलात की काकांना, आजोबांना एवढंच विचारा: “ते पत्र कुठे ठेवलंय?” बाकीचं वाचायला तुम्ही आहात. भेटू पुढच्या भागात!