नव्या मालाची नवी पेठ

आसेगावसारख्या गावच्या आठवडी बाजारात भाजीची ओळ वेगळी, धान्याची वेगळी, कापडाची वेगळी. गिऱ्हाईक घरून निघते तेव्हाच कोणत्या ओळीत जायचे हे त्याने ठरवलेले असते. पण समजा, एखाद्याने असा माल आणला की जो कोणत्याच ओळीत बसत नाही. त्याने पथारी कुठे टाकावी? आणि गिऱ्हाइकाने त्याला शोधावे तरी कसे? सॉफ्टवेअरच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या गावच्या मुलामुलींपुढे आज हाच प्रश्न आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, तर संगणकाला किंवा मोबाइलला क्रमाने दिलेल्या सूचना. हा माल तराजूत घालता येत नाही, हाताने चाचपताही येत नाही. म्हणून त्याची नवी पेठ उभारणे अधिक कठीण. तरी वाट अगदीच अनोळखी नाही. आपल्याकडे एका अवजाराने ती पूर्वी चालून दाखवली आहे.

ते अवजार म्हणजे लोखंडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 च्या सुमारास बेळगावात तो तयार केला. जगात लोखंडी नांगर नवा नव्हता, पण इकडच्या शेतकऱ्याला नवा होता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत लोकांत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. आता तुम्ही म्हणाल, लोक अडाणी होते. तसे म्हणू नका. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो परक्या वस्तूला सहजासहजी शिवारात कसा येऊ देईल? त्याची शंका म्हणजे त्याची राखण होती. ती भाषणाने जाणार नव्हती. नांगर मातीत चालताना दिसला, शेजाऱ्याचे पीक नीट आले, तेव्हा ती गेली.

पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. 1920 साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. कारखान्याची आणि तिथल्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणे, हा त्याचा सुरुवातीचा हेतू. म्हणजे पाहा, माल नवा असेल तर नुसता कारखाना पुरत नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याचे कामही कारखानदारालाच अंगावर घ्यावे लागते.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. पुण्यात कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे, आणि धंदा आधी कॅल्क्युलेटर व मग संगणक दुरुस्तीचा. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी संगणकांत मोडतोड काहीच नसे. त्यांत व्हायरस शिरलेला असे. व्हायरस म्हणजे यंत्राचे काम बिघडवणारा खोडसाळ प्रोग्रॅम. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उतारा लिहिला. 1995 साली कंपनीची नोंदणी झाली, 2007 साली तिने क्विक हील हे नाव घेतले आणि 2016 साली ती शेअरबाजारात आली. व्हायरसवरचा उतारा परदेशांत आधीपासून विकला जात होता. पण बंद पडलेला संगणक दुरुस्त करून घ्यायचा एवढेच ज्याला ठाऊक, त्याला यंत्र बिघडण्याआधीच्या राखणीसाठी पैसे मोजायला लावणे, ही नवी पेठ होती. आणि ती सापडली ती दुरुस्तीच्या टेबलावर.

आता आपल्या शिवारात या. वाशीम जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. मळणीयंत्रवाला या शेतातून त्या शेतात फिरतो. कोणाची किती पोती झाली, दर काय ठरला, रोख किती आले, माल विकल्यावर कोण देणार, हे सारे एका मळक्या वहीत, नाहीतर डोक्यात. पुढे आकड्यावरून वाद होतो आणि वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. समजा, गावच्या एखाद्या मुलीने मोबाइलवर चालणारी अशी सोय केली, की खळ्यावरच पोत्यांचा आकडा लिहिला जाईल आणि तोच आकडा त्याच वेळी शेतकऱ्याच्याही मोबाइलवर जाईल. तिने जर सांगितले, ‘मी शेतीचे अ‍ॅप केले,’ तर हजारांत तिचे एक. कोणी ढुंकून बघणार नाही. पण ती म्हणाली, ‘ही मळणीची दुहेरी उधारवही आहे,’ तर ऐकणाऱ्याला मागच्या वर्षीचे भांडण आठवेल. नवी ओळ बाजारात मांडली जाते ती अशी. गिऱ्हाइकाला जे दुखते त्याला त्याच्याच बोलीतले नाव द्यावे लागते.

नाव दिले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. पहिल्या हंगामात तिने कागदाची वहीही चालू ठेवायला सांगावे आणि शेवटी दोन्हींचा मेळ घालून दाखवावा. पहिल्या गिऱ्हाइकाचा धोका विकणाऱ्याने उचलायचा असतो. आणि उद्या दुसऱ्या कोणी तशीच उधारवही काढली, तर तिने घाबरू नये. एकट्या दुकानाला कोणी बाजार म्हणत नाही. शेजारी दुसरे लागले म्हणजेच ओळ झाली.

शेतकरी बंधुभगिनींनो, अशी सोय घेऊन कोणी दारी आले तर त्याला हाकलू नका. दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. माझा हिशेब कागदावर काढून मिळेल का? आणि उद्या तुझा धंदा बंद पडला तर माझ्या नोंदींचे काय? सरळ उत्तर मिळाले तरच पुढचे बोलणे करा.

आणि गुरुजनहो, आठवी-नववीच्या मुलांना एक काम द्या. आपल्या घरात किंवा गल्लीत कोणता हिशेब केवळ आठवणीवर चालतो, आणि त्यापायी कोणाचे नुकसान होते, हे त्यांनी आठवडाभर विचारून लिहून आणावे. त्यात संगणकाचे नावही नको. त्या वह्या तुम्ही स्वतः वाचा. एखादी अडचण दहा घरांतून लिहून आलेली दिसली, की ती फळ्यावर मांडा आणि मुलांना त्यावर विचार करू द्या.