ऑक्टोबरच्या घराला कोणता वास द्यायचा?

(संघाच्या देहूरोड येथील मासिक बैठकीत झालेल्या बोलण्याचे शब्दांकन)



दसरा तोंडावर आहे, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचे दिवस आले आहेत आणि गेल्या महिनाभरात तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला आहे: "ताई, ते सुगंधी तेलाचं काहीतरी करू या का? मोबाईलवर सगळ्या करताहेत." करू या. पण आधी स्वतःच्या घरात करू, मग विकू, आणि विकताना खोटं बोलायचं नाही, या तीन गोष्टी धरून मी आज बोलणार आहे.

पहिली गोष्ट वासाची. तुम्ही मोबाईलवर बघता ते शरदातले सुगंध कुठले असतात? दालचिनी, लवंग, जायफळ, सफरचंद. ते सगळे थंडीच्या देशातले. तिकडे शरद म्हणजे गारठा, शेकोटीची आठवण; म्हणून त्यांना ऊब देणारा वास हवासा वाटतो. आपला शरद म्हणजे ऑक्टोबर हीट! पाऊस नुकताच गेलेला, दुपारी पत्रा तापतो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची धूळ घरात, आणि त्यात लवंग-दालचिनीचा भपका सोडला तर डोकं धरतं. आपल्या आयाबायांना हे कळत होतं. शरदात पित्त वाढतं असं आयुर्वेद सांगतो आणि म्हणून या दिवसांत वाळा, चंदन, नागरमोथा असे थंड वास. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो, दिवाळीच्या उटण्यात कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल असते. म्हणजे शरदाचा सुगंध कुठला हे कुणी आपल्याला शिकवायची गरज नाही, ते उटण्याच्या पुडीत आहे. लवंग-दालचिनी मार्गशीर्षासाठी राखून ठेवा, तेव्हा ती छान लागते.

दुसरं, वास देण्याआधी वास घालवावा लागतो. चार महिने पावसाचे झाल्यावर आपल्या घरांत जो कुबटपणा असतो तो कपाटाच्या मागच्या ओलीचा, गाद्यांचा, कोपऱ्यात आलेल्या बुरशीचा. त्यावर कितीही सुगंध मारा, दोन तासांनी बुरशी परत बोलते. गाद्या-गोधड्या दोन दिवस कडक उन्हात टाका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, बुरशी असेल तिथे ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे आणि त्याच्याइतका चांगला माणूस या कामाला मिळत नाही. सुगंधाने हवा शुद्ध होत नाही, मैत्रिणींनो. सुगंध हा घर नीट झाल्यावरचा दागिना आहे.

आता तेल. ज्याला आपण सुगंधी तेल म्हणतो ते खोबरेल किंवा शेंगदाणा तेलासारखं नसतं. पानं, साल, मुळं यांच्यावर वाफ सोडतात, वाफेबरोबर वास बाहेर येतो, ती वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा तवंग जमतो. संत्र्याच्या सालीचं तर नुसतं दाबूनही निघतं. साल मुडपली की बोटाला जे तुषार लागतात तेच ते. गवती चहाच्या शंभर किलो हिरव्या पानांतून अर्ध्या किलोच्या आतबाहेर तेल निघतं. गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुकानदार ५० रुपयांना "शुद्ध गुलाब तेल" दाखवेल तेव्हा हाच आकडा कामाला येतो. मोगऱ्याचं तर वाफेने तेल निघतच नाही नीट, ते वेगळ्या पद्धतीने काढावं लागतं आणि फार महाग असतं. दुकानात चंदन, गुलाब, मोगरा, लिंबू सगळ्या बाटल्या एकाच किमतीला असतील तर समजा की ते कारखान्यात बनवलेलं सेंट आहे. सेंट वाईटच असं मी म्हणत नाही. पण त्याला "नैसर्गिक" म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

एक सोपी परीक्षा आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. लिंबू, संत्रा, गवती चहा, निलगिरी अशी हलकी तेलं उडून जातात, फार तर फिकट रंग राहतो. वड्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलं आहे. वाळा आणि चंदन मात्र मुळातच जड, ते लवकर उडत नाहीत, त्यांना ही परीक्षा लावू नका.

आपल्यासाठी दोनच तेलं पुरे: गवती चहा आणि संत्रा. दोन्ही त्यातल्या त्यात स्वस्त, दोन्हींचा वास आपल्या माणसांना ओळखीचा. तळेगावच्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबांवर काही जणींचा डोळा आहे, तो काढून टाका. तो गुलाब दिसायला आणि टिकायला वाढवलेला, त्याला वास जवळजवळ नसतो. दसऱ्यानंतर कवडीमोलाने जाणारा झेंडू मात्र घ्या. पाकळ्या सावलीत वाळवल्या तर पोटलीत रंग छान येतो. वासासाठी नाही, रंगासाठी.

घरासाठी सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे कोरी पणती. कुंभाराकडची लाल मातीची, न रंगवलेली, न चकाकणारी. माती तेल पिते आणि हळूहळू सोडते. पालथी पणती, तिच्या पाठीवर सहा थेंब गवती चहा, चार थेंब संत्रा. दहा बाय बाराच्या खोलीला एक पुष्कळ. तीन-चार दिवसांनी वास उतरला की परत थेंब. ही पणती पेटवायची नाही! ही तेलं भडकन पेट घेतात. जळत्या दिव्यात, निरांजनात, गॅसजवळ थेंब टाकण्याचे प्रयोग करू नका, आणि तेल लावलेली पणती दिवाळीच्या दिव्यांत चुकून जाऊ नये म्हणून तिला वेगळी खूण करा.

विकायला बरी वस्तू म्हणजे पोटली. १०० ग्रॅमचं प्रमाण सांगते: संत्र्याची किंवा मोसंबीची वाळलेली साल ५० ग्रॅम, बारीक कातरलेला वाळा २० ग्रॅम, नागरमोथा आणि कपूरकाचरी १५-१५ ग्रॅम, जाडसर कुटून. त्यावर तेल २ मिली, म्हणजे साधारण ४० थेंब; २५ गवती चहाचे, १५ संत्र्याचे. वाळा आणि नागरमोथा नुसते वासाला नाहीत. ते हलका वास धरून ठेवतात. ते वगळले तर पोटली आठवड्यात मुकी होते. सालीच्या आतला पांढरा गर चमच्याने खरवडायचा, साल बारीक कापून अर्धा दिवस उन्हात आणि मग वाऱ्यावर सावलीत. मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून ओली आहे, पोटलीत बुरशी येणार. सगळं मिसळून काचेच्या बरणीत आठ दिवस मुरू द्या, रोज एकदा हलवा. लोणच्यासारखंच आहे हे. बरणी काचेचीच हवी. संत्र्याचं तेल थर्माकोल आणि हलकं प्लास्टिक खातं. तेल नुसतं हाताला लावू नका, चमचा वापरा.

सालीसाठी पैसे घालवायचे नाहीत. स्टेशनजवळच्या ज्यूसवाल्यांकडे रोज टोपलीभर साल जाते. सकाळी स्वच्छ पिशवी द्या, संध्याकाळी घ्या, त्याच दिवशी धुऊन कापा. वाळल्यावर वजन चौथ्या हिश्शावर येतं, म्हणून एक किलो हवी तर चार किलो जमवा.

स्प्रेबद्दल विचारलं होतं. पाणी आणि तेल मिसळत नाही, बाटली हलवली तरी वर तरंगतं आणि कपड्यावर, फर्निचरवर डाग पडतात. नीट करायला स्पिरिट लागतं, आणि त्याचा परवाना-बिरवाना आपल्या गळ्यात नको. खोबरेल तेलात मिसळून काड्या उभ्या करायचाही एक प्रकार दाखवतात. दिवाळीनंतर थंडी पडली की खोबरेल गोठतं आणि काडी कोरडी राहते. आणि प्रेशर कुकरला नळी लावून घरी तेल काढायचे व्हिडिओ बघितले असतील, ते बघूनच सोडून द्या. कुकरची वाट अडली की काय होतं हे स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बाईला सांगायला नको.

आता जरा कडक बोलते. घरात तान्हं मूल असेल, कुणाला दमा असेल, तर हे काहीच खोलीत ठेवू नका. फार तर दाराबाहेरच्या ओट्यावर. लहान मुलाच्या नाकाला, छातीला कापूर किंवा निलगिरी चोळण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. तेलाची बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि मूल प्यालंच तर उलटी काढत बसू नका, बाटलीसकट थेट दवाखाना गाठा. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून. मांजर पाळलेलं असेल तरी जपून, मांजरांना ही तेलं सोसत नाहीत. डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत निलगिरी-कापूर भरून लावणाऱ्याही आहेत आपल्यात. ते मशीन त्या तेलासाठी बनवलेलं नाही, आग लागू शकते.

डासांचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करते, कारण आपली विक्री इथेच अडचणीत येऊ शकते. गवती चहाच्या वासाने डास थोडे दूर राहतात, थोडा वेळ. पण पोटलीवर "डास पळवते" असं छापलं की ती वस्तू सुगंधाची राहत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार तिची नोंदणी लागते. आणि कायदा बाजूला ठेवा. ऑक्टोबर हा आपल्याकडे डेंग्यूचा महिना. तुमची पोटली टांगून एखादी आई मच्छरदाणी लावायची थांबली तर? म्हणून ते वाक्य छापायचं नाही, तोंडानेही सांगायचं नाही. तसंच "सर्दी बरी होते", "झोप लागते" हेही नाही. "घरासाठी सुगंधी पोटली, खाण्यासाठी नाही, मुलांपासून दूर ठेवा", एवढं पुरे. लेबलवर गटाचं नाव-पत्ता, वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर. वेष्टनबंद मालाला हे लागतंच. उटणं विकायचं असेल तर ते अंगाला लावायचं असल्यामुळे त्याला परवाना लागतो. पोटली आणि उटणं एकाच टेबलावर ठेवून गल्लत करू नका.

पैशाचं बोलू. भाव बदलतात, म्हणून हे सगळे "समजा" आहेत. २० ग्रॅमच्या १०० पोटल्या, म्हणजे २ किलो मिश्रण, ४० मिली तेल. १० मिलीची बाटली १२० रुपये धरली तर तेलाचे ४८०. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरीचे ६००. कापडी पिशव्या ६ रुपयांप्रमाणे ६००. लेबलं २००. झाले १,८८०. पाच जणी, दोन दिवस, रोज चार तास, म्हणजे ४० तास. तासाला ५० रुपये धरले तर २,०००. एकूण ३,८८०, म्हणजे पोटलीला ३८ रुपये ८० पैसे.

आता आपली सवय बघा. मजुरी धरायची नाही, "घरचंच तर आहे" म्हणायचं आणि ३० रुपयांना विकायचं. हातात ३,००० आले, खर्च १,८८० गेला, उरले १,१२०. चाळीस तासांचे. तासाला २८ रुपये. आणि वर आपण म्हणतो "फायदा झाला". ६० रुपये किंमत ठेवली आणि ३० पोटल्या पडून राहिल्या तरी ७० पोटल्यांचे ४,२०० येतात, प्रत्येकीची मजुरी निघते आणि गटाकडे ३२० शिल्लक राहतात. किंमत सांगताना मान खाली घालू नका. रावेत-किवळ्याच्या सोसायटीतली बाई मॉलमध्ये हीच वस्तू डब्यात घालून चौपट भावाने घेते, तिला ६० जड नाहीत. जड वाटलेच तर तिला ताज्या सालीचा वास हुंगायला द्या, आपोआप पर्स उघडते.

पण पहिल्या खेपेला १०० करू नका. २५ करा. गटातून कर्ज घ्यायचं तर तेवढ्यापुरतंच घ्या. त्यातल्या पाच घरी टांगा आणि महिनाभर बघा, कुठली मुकी झाली, कुठलीला बुरशी आली. पवनाथडी जत्रेला किंवा भीमथडीला स्टॉल घ्यायचा विचार असेल तर तोवर तुमच्याकडे महिन्याभराचा अनुभव असेल आणि "किती दिवस टिकतो वास?" या प्रश्नाला खरं उत्तर असेल. कंपन्यांमधून दिवाळी भेटीची ऑर्डर मिळाली तर अर्धी रक्कम आगाऊ घ्या. चाकण-तळेगावचं बिल निघायला महिने लागतात, हे घरच्या माणसांना विचारा, तेच सांगतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक मूठ वाळवलेली साल कागदात बांधून आणायची. मोडून बघू, कुणाची वाजते. ज्यांची वाजेल त्यांच्यापासून कुटायला सुरुवात. वाळा आणि नागरमोथा काष्ठौषधीच्या दुकानातून एकत्र आणू, घाऊक पडेल. पैसे आणताना सुटे आणा.